भुशाची साक्ष

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुरुम, ता. ८ नोव्हेंबर १९४१

सौ. सिद्धम्मा विहीणबाई यांना गिरिजाबाईचा शरणु शरणार्थी.

हे पत्र चि. शांताच तुम्हांला वाचून दाखवील, म्हणून आधी तिच्यासाठी दोन ओळी. बाळ, या दिवसांत सोमवारचा उपास धरू नकोस, देव रागावत न्हाय. सकाळी लिंगपूजा झाली की गूळ-शेंगदाणे खात जा. आता पुढचं मोठ्यानं वाच.

विहीणबाई, दिवाळीच्या पाडव्याला तुमच्या दुकानची जुनी मोटार आमच्या दारी आली. जावईबापू स्वतः चालवत घेऊन आले. मी पाच सवाष्णी बोलावून तिला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला. आमच्या यांनी अडतीतली आपली भागी मोडली, मी हातातल्या पाटल्या मोडल्या, आणि बाराशे इंग्रजी कलदार तुमच्या दुकानाला दिले. आमच्या निजामी हाली रुपयांत ते किती होतात हे मी इथं लिहीत न्हाय, लिहिताना हात जड होतो. लढाईमुळं नवी गाडी मिळत न्हाय, आणि रेवणप्पा व्याही म्हणजे घरचेच, म्हणून हा सौदा केला. मोटार भाड्यानं चालवायची, त्यावर घर चालवायचं, एवढाच विचार.

पंधरा दिवस मोटार बरी चालली. परवा हणमंतप्पा पाटलांच्या आईला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. नळदुर्गाचा चढ लागला आणि गाडीच्या पोटात कडाकडा वाजलं. गिअर पडेना. म्हातारीला रस्त्याकडेला घोंगडीवर निजवून बैलगाडी शोधावी लागली. जीव वाचला, पण पाटील आता आमच्या यांच्याशी बोलत न्हाईत.

नळदुर्गाच्या मिस्त्रीनं गिअरची पेटी उघडली. आत तेलाच्या जागी काय निघालं असेल? लाकडाचा भुसा! घट्ट वंगणात मळून भरलेला. मिस्त्री यांना म्हणाला, "मालक, दात झिजलेले गिअर आवाज करतात. भुसा घातला की चार दिवस गप बसतात. ही युक्ती जुनी आहे. पण तुम्ही गाडी कुणाकडून घेतली?" यांनी व्याह्यांचं नाव सांगितलं न्हाय. मान खाली घालून घरी आले.

माझी खात्री आहे, रेवणप्पांना यातलं काही ठाऊक नसणार. कुणा कामगारानं परस्पर भुसा भरला असेल. तरी एक करा. मोटार परत घ्या आणि पैसे द्या, न्हाय तर पेटी नवी बसवून द्या. घरातली गोष्ट घरातच मिटू द्या.

तुमची,
गिरिजाबाई

---

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १९ नोव्हेंबर

सौ. गिरिजाबाई विहीणबाईंना सिद्धम्माचा शरणु.

अक्षर तुमच्या लेकीचं, बोलणं माझं. मी सांगते तसंच लिही, मधी आपलं काही घालू नको, असं तिला बजावलंय. आता हेही लिहिलं का गं? लिहिलं म्हणते. असू दे.

पत्र वाचून घेतलं. तुम्ही मॅट्रिक झालेल्या, आम्ही अंगठा उठवणारे. पण भुसा हा शब्द आला तिथं तिथं ही वाचताना अडखळली. आपल्या आईनं सासरच्या माणसांना असं लिहावं याची लाजच वाटली असणार की लेकराला.

आमचे मालक म्हणाले, बसप्पा व्याह्यांनी मोटार पूर्ण दिवस चालवून बघितली, मग पैसे भरले. पंधरा दिवसांनी भुसा निघाला म्हणे. पंधरा दिवस मोटार कुणाच्या दारात होती? आमच्या का तुमच्या? मुरुमात सुतार न्हाईत का?

आणि एक सांगते. लग्नात तुम्ही मला मानाचं लुगडं दिलं. पदरात चार बोटं धागा ओढलेला होता. मी नेसले. चारचौघींत मिरवले. मी बोलले का काही? आज बोलले, तुम्ही बोलायला लावलंत म्हणून. नात्यात असं असतं विहीणबाई, धागा ओढलेला दिसला तरी पदर दुमडून घ्यायचा असतो.

सुनेला तिसरा संपत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत आहे, आम्ही मोडणार न्हाई. सातव्यात पाठवू. तुम्ही डिंक-मेथीचं बघा, मोटारीचं आमचे मालक बघतील.

सिद्धम्मा

---

मुरुम, ता. ६ डिसेंबर

सौ. सिद्धम्मा विहीणबाईंना गिरिजाबाईचा शरणु शरणार्थी.

"मोटारीचं मालक बघतील" असं लिहून तुम्ही माझी झोप उडवलीत. मालकांनी काय बघितलं? दोन पत्रं यांनी दुकानच्या पत्त्यावर घातली, उत्तर न्हाय. स्वतः सोलापूरला गेले तर रेवणप्पा गादीवर बसून म्हणाले, "व्याही, चहा घ्या. मोटारीचं बोलायचं असेल तर वकील घेऊन या." दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. चहा तसाच ठेवून हे उठले.

म्हणून वकील घेतला. लुगड्याचा धागा मी नक्कीच तपासायला हवा होता, ती चूक कबूल. पण लुगडं नेसून कुणी नळदुर्गाचा चढ चढत न्हाय.

आम्ही धाराशिवला आण्णासाहेब वकिलांकडं गेलो. मी सोबत गेले होते, कारण यांना रागात शब्द सुचत न्हाईत. आण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोटार ताब्यात कुठं दिली? पैशाचा शेवटचा हप्ता कुठं दिला?" दोन्ही मुरुमातच: मोटार जावईबापूंनी दारात सोपवली, आणि राहिलेला हप्ता यांनी ओट्यावर त्यांच्याच हाती ठेवला. "मग दावा इथल्या अदालतीत चालतो," ते म्हणाले. "सोलापूर इंग्रजांचं, तिथं आपला हुकूम चालत न्हाय. पण रेवणप्पांची काक्रंब्याची जमीन आपल्या मुलखात आहे. निकाल आपल्या बाजूनं लागला तर वसुली जमिनीवर होईल. म्हणजे त्यांना यावंच लागेल."

नोटीस उर्दूत लिहिलेली आहे, त्यासोबत मराठी तर्जुमा जोडलाय. ती तुमच्या दुकानी पोचेल. त्याआधी तुम्हांला कळावं म्हणून मी लिहिते. अजून वेळ गेली न्हाय. नोटीस हे भांडण नव्हे, ते दार वाजवणं आहे.

विहीणबाई, मी कुणाचं बुडवलं न्हाय. दर सोमवारी देवळात तेल घालते, तेही मापून. हे पैसे कष्टाचे आहेत. हे आता दुसऱ्याच्या अडतीत रोजावर काटा धरतात, जिथं यांचीच भागी होती. ज्या माणसांना हे पान द्यायचे ती आता यांना "बसप्पा, जरा पोतं सरकव" म्हणतात.

शांताला सांगा, डिंक आणून ठेवलाय.

गिरिजाबाई

---

सोलापूर, ता. २५ जानेवारी १९४२

सौ. गिरिजाबाईंना सिद्धम्माचा शरणु.

अगं लिही, थांबतेस काय. लिही: दावा ठोकलात ते बरंच केलंत. आमच्या मालकांनी परवा धाराशिवला जाऊन उत्तर दिलं. तुमच्या वकिलांचं तोंड कसं झालं होतं ते येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं. माझ्या पोटात दुखेस्तोवर हसले मी.

तुमची मोटार हद्दीवर आली तेव्हा करोडगिरीच्या जकात नाक्यावर ती सोडवायला आलेल्या बसप्पांनी काय लिहून दिलंय, ठाऊक आहे का तुम्हांला? "मोटार जुनी, यंत्र झिजलेलं, गिअर नादुरुस्त, किंमत तीनशे." खाली सही बसप्पांची. त्या कागदाची नक्कल मालकांनी अदालतीत लावली. आता सांगा, झिजलेलं यंत्र आहे असं ज्यानं स्वतः लिहून दिलं, तोच म्हणतो मला फसवलं!

तुम्ही म्हणाल, तुमच्या जावयानं, शिवशरणनंच तसं लिहायला सांगितलं. सांगितलं असेल की. सोलापूरहून येणारा कोण खरी किंमत लिहितो नाक्यावर? कापडवाले लिहितात, का भांडीवाले? सगळा मुलूख तेच करतो. पण सही कुणी केली? जकात कुणाची वाचली? तुमची. जकातीचे पैसे वाचले तेव्हा तुम्ही खूश झालात, पेढे वाटलेत, शिवशरणनं मला सांगितलंय.

आता दुसरं ऐका. तुम्ही म्हणे साक्षीदार शोधताय. आमच्या घरची माणसं दावा चालू असेतो हद्दीपलीकडं जाणार न्हाईत. सूनसुद्धा. तिला सातवा मार्चात लागतो. दावा तोवर मिटला तर पाठवू. न्हाय मिटला तर बाळंतपण इथं होईल. सोलापुरात सुइणी आहेत.

लिहिलंस का सगळं? वाचून दाखव.

सिद्धम्मा

---

मुरुम, ता. २ फेब्रुवारी

चि. सौ. शांता हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या गल्लीतल्या उमाबाईंच्या हाती देते. त्या इथं देवदर्शनाला आल्या होत्या. त्या तुला एकटी गाठून देतील. वाचून चुलीत घाल.

मागच्या पत्रात तुझं अक्षर "सूनसुद्धा" या शब्दापाशी हललं. मी ते पत्र देव्हाऱ्यापुढं ठेवून बसले होते. तू जिवंत माझ्यापुढं बोलत होतीस आणि शब्द दुसऱ्याचे, असं वाटलं.

नाक्याचा कागद खरा आहे. अप्पांनी सही केली, जावईबापू म्हणाले "मामा, सगळे असंच लिहितात," म्हणून केली. वाचलेली जकात मी वहीत "बचत" म्हणून लिहिली होती. आण्णासाहेब म्हणतात, "एकतर नाक्यावर खोटं बोललो म्हणा, न्हाय तर अदालतीत. नाक्यावर म्हटलंत तर दंड होईल, अदालतीत म्हटलंत तर दावा जाईल." मग म्हणाले, "पण यंत्र जुनं असणं वेगळं, आणि आत भुसा घालून ते झाकणं वेगळं. भुसा सोलापुरातच घातला, दुकानात घातला, एवढं कुणी सांगितलं, तर नाक्याचा कागद आपलं काही बिघडवू शकत न्हाय. पण सांगणार कोण? तिथल्या माणसाला आपली अदालत बोलावू शकत न्हाय. जो येईल तो आपल्या पायानं येईल."

मी घरी येताना सगळ्या वाटेनं तुझा विचार करत होते. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, भुसा हा शब्द वाचताना तू अडखळलीस. त्यांना वाटलं लाजेनं. बाळ, मला तसं वाटलं न्हाय. तू लहानपणी खोटं बोलायचं असलं की अशीच अडखळायचीस.

तुला काही ठाऊक असेल तर मला सांग. फक्त मला. पुढचं मी बघीन.

तुझी,
अव्वा

---

सोलापूर, ता. ११ फेब्रुवारी

ती. अव्वांच्या चरणी शांताचा शरणु.

हे दुकानी गेलेत, सासूबाई देवळात. उमाबाई हे पत्र टपालात टाकायला म्हणून उंबऱ्यात वाट बघत बसल्यात, म्हणून झरझर लिहिते.

भुसा मी चाळला.

दिवाळीच्या आधी मामंजी परसात आले. पाठीवर भुशाची गोणी होती. मला म्हणाले, "सूनबाई, सपिटाची चाळण घ्या आणि हे बारीक चाळून द्या. खडा राहता कामा न्हाय." मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या मोटारीला लागतो." कुठल्या गिऱ्हाइकाच्या, मी विचारलं न्हाय. अव्वा, मी विचारलं न्हाय. मी त्याच चाळणीनं पुढं दिवाळीच्या करंज्यांचं पीठ चाळलं, धुऊन घेतली होती तरी नाकात वास होता.

मामंजींनी वंगण कालवताना मी पाणी नेऊन दिलं. काळी मोटार, डावा दरवाजा दोरीनं बांधलेला, ती मी दोन्ही डोळ्यांनी पाहिली. पाडव्याला हे तीच गाडी घेऊन मुरुमला निघाले, तेव्हा कळलं. मी यांना म्हटलं, "अहो, ही अप्पांसाठी आहे का?" हे म्हणाले, "तुझे अप्पा म्हणजे गिऱ्हाइक नव्हेत का?"

तुम्हांला पत्रं लिहिते तेव्हा सासूबाई बोलतात आणि माझा हात लिहितो. मला वाटतं हाताचं कुणी ऐकत न्हाय.

अदालतीची तारीख कधी आहे? ती मला कळवा. नक्की कळवा, उमाबाईंकडं निरोप ठेवा. पोटातलं आता हलायला लागलंय. रात्री उठून बसते. मी थकले आहे.

उमाबाई उठल्या. पुरे करते.

शांता

---

मुरुम, ता. ९ मार्च

सौ. सिद्धम्मा विहीणबाईंना गिरिजाबाईचा शरणु शरणार्थी.

तुम्हांला हवं ते झालं. काल धाराशिवला जाऊन आमच्या यांनी दावा मागं घेतला.

हे तयार नव्हते. ओट्यावर बसून म्हणाले, "गिरिजे, पैशाचं सोड, पण चार माणसांत ‘पोतं सरकव’ ऐकतोय तो कशासाठी? अदालतीनं एकदा म्हटलं पाहिजे की बसप्पा खोटा न्हाय." मी म्हटलं, "अदालत म्हणेल तेव्हा म्हणेल, लेक सातव्यात आहे." त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग एके दिवशी पूजेवरून उठले आणि म्हणाले, "चल, कुठं सही करायची ती दाखव."

तडजोडीचा कागद तुमच्या वकिलांनी करून आणला होता. त्यात लिहिलंय की मोटार ठरल्याप्रमाणेच मिळाली, भुशाचा आरोप गैरसमजानं केला गेला, आणि पुढं या बाबतीत काहीही मागणं उरलं न्हाय. आण्णासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पैसे सोडा असं लिहून द्या, तेवढं पुरे. हा भुशाचा मजकूर कशाला? यावर सही झाली की हा दावा पुन्हा उभा राहत न्हाय. आणि तारखेला जर कुणी साक्षीला आलं असतं तर..." मी त्यांना पुढं बोलू दिलं न्हाय. कोण येणार होतं? मीच यांना म्हटलं, करा सही.

तुमच्या माणसांनी खुशीनं हात जोडले. मोटार गोठ्यात उभी आहे, तिला आता कोंबड्या वापरतात.

विहीणबाई, मी आई आहे, तुम्हीही आई आहात. पैसे गेले ते देवाला वाहिले समजीन. आता तुमचा शब्द पाळा. सातवा लागलाय. रामनवमीच्या आधी शांताला पाठवा. बैलगाडी मी नळदुर्गापर्यंत पाठवीन, तिथपर्यंत तुम्ही पोचवा. डिंकाचे लाडू वळून डब्यात भरलेत, खोलीला शेणाचा नवा हात दिलाय. मी तिच्याशी मोटारीबद्दल एक शब्द बोलणार न्हाय, हे तुम्हांला वचन देते.

गिरिजाबाई

---

सोलापूर, ता. १७ मार्च

सौ. गिरिजाबाई यांस सिद्धम्मा यांचा शरणु शरणार्थी. विशेष मजकूर असा की,

हे पत्र दुकानचे मुनीम वीरप्पा माझ्या सांगण्यावरून लिहीत आहेत. तडजोडीची प्रत पोचली. मालकांनी समाधान दाखवलं. आम्ही शब्दाला जागणारी माणसं आहोत. सुनेस माहेरी धाडण्यास आमची ना न्हाई, टांगा सांगून ठेवला होता, शिवशरण नळदुर्गापर्यंत सोबत यायला तयार होते.

सून जात न्हाई म्हणते. आम्ही अडवलेलं न्हाई, हे ध्यानात असू द्यावं. चार माणसांसमोर विचारलं, तिनं चार माणसांसमोर सांगितलं. का ते ती लिहील. पत्र सोबत जोडलं आहे, आम्ही ते वाचलेलं न्हाई. मला वाचता येत न्हाई हे तुम्हांला माहीतच आहे, आणि वीरप्पांना मी वाचू दिलं न्हाई. तेवढा विश्वास तुम्ही माझ्यावर ठेवा.

आता पत्रं वीरप्पा लिहितील. सुनेनं लिहिणं सोडलं आहे.

सिद्धम्मा

---

(सोबतचं पत्र)

ती. अव्वांना शांताचा शरणु.

तुम्ही मला तारीख कळवली न्हाय.

मी उमाबाईंकडं पाच वेळा गेले. एकदा तर पाणी आणायच्या निमित्तानं, रिकामी घागर घेऊन. त्या म्हणाल्या, "निरोप न्हाय गं पोरी." मला वाटलं, टपाल चुकलं असेल. मला वाटलं, तारीख पुढं गेली असेल.

अव्वा, मी येणार होते. नळदुर्गापर्यंत एक टांगा ठरवून ठेवला होता, उमाबाईंच्या भावाचा. तिथून अप्पा मला न्यायला येतील, आणि मी थेट धाराशिवला जाईन, असं मी ठरवलं होतं. म्हणून तारीख मागितली. तुम्हांला काय वाटलं? मी घाबरले? मी थकले असं लिहिलं म्हणून? थकले होते. पोटात बाळ आहे आणि दिवसभर परक्याचे शब्द लिहायचे, माणूस थकेल न्हाय तर काय होईल. पण थकलेल्या माणसालाही खरं बोलता येतं.

एका रात्री मला राहवलं न्हाय. मी यांना सांगितलं, "अदालतीनं विचारलं तर मी सांगणार, भुसा मी चाळला, तुमच्या वडिलांनी सांगितलं म्हणून." हे उठून बसले. मारलं न्हाय, ते खरं सांगते. सकाळी मामंजींना सांगितलं असणार, कारण दुपारी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "सूनबाई, तुम्ही अदालतीत काय सांगणार ते आम्हांला आधी ऐकवा." मी ऐकवलं. सगळं. सासूबाई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. त्या मामंजींना म्हणाल्या, "खरं का हो हे?" मामंजी म्हणाले, "पोरीला भास होतात." तेवढंच. पण त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या ताटात तूप दोनदा वाढलं. त्या तुम्हांला वाईट वाटतात, मलाही वाटायच्या. आता तेवढ्या वाटत न्हाईत.

त्यानंतर वीस दिवस मी या घरात सरळ मानेनं चालले. कुणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं, तरी चालले. मला वाटायचं, तारीख येईल.

तारीख आली न्हाय, तडजोडीचा कागद आला. मामंजींनी तो ओसरीवर मोठ्यानं वाचून घेतला, वीरप्पांकडून. "भुशाचा आरोप गैरसमजानं केला." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बघा सूनबाई, तुमच्या आईबापानंच लिहून दिलं, भुसा नव्हता. आता तुम्ही काय चाळलं होतं?" दुकानातली पोरं हसली. हेही हसले. मग पेढे वाटले.

आता या घरात मी खोटी आहे. तुमच्या शब्दानं आहे, अप्पांच्या सहीनं आहे, आणि ती सही माझ्यासाठी केली, असं तुम्ही लिहिता. मी माहेरी आले, तर सगळं गाव म्हणेल, लेकीला घरी आणायला आईबापानं एवढं केलं. तुम्ही मला लाडू द्याल आणि मोटारीबद्दल एक शब्द बोलणार न्हाय. मला तर बोलायचं होतं, अव्वा. तेवढंच बोलायचं होतं.

अप्पांना सांगा, त्यांचा राग मला जसा आहे तसा कळतो. तुम्हांला दोष देत न्हाय. तुम्ही लेकीचा जीव वाचवायला बघितला. तो वाचला आहे, ठीक आहे. पण मी तुमच्याकडं जीव मागितला नव्हता, तारीख मागितली होती.

बाळंतपण इथं होईल. सुईण ठरली आहे, सासूबाईंनी स्वतः ठरवली. माझी काळजी करू नका.

मुलगा झाला तर ही माणसं तुम्हांला कळवतीलच. मुलगी झाली तर मी कळवीन.

शांता